मूल कोणाचे?
घरच्या शाळेविषयी थोडा विचार



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांतली मुले, मुली, सुना, जावई आज परदेशात आहेत. फोनवर नातवंडांची चौकशी होते, आणि बोलता बोलता कधी तरी एक नवलाची बातमी कानावर येते. अमेरिकेत शेजारच्या कुटुंबातली चार मुले शाळेत जातच नाहीत, आईच त्यांना घरी शिकवते. हे ऐकून इकडच्या आजीला प्रश्न पडतात. सरकार काही म्हणत नाही का? ही मुले पुढे चार माणसांत वावरणार कशी? आईबापांना असे करण्याचा हक्क तरी आहे का? हे प्रश्न आम्हांलाही अनेकांनी विचारले आहेत. त्यांच्या मुळाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे: मूल कोणाचे? आईबापांचे, समाजाचे, सरकारचे, की त्याचे स्वतःचे? दिवाळीच्या सुट्टीत मुले घरीच असतात. तेव्हा या प्रश्नाचा विचार करायला हीच वेळ बरी.

आधी अशा कुटुंबाचे दिवस कसे जातात ते पाहू. अमेरिकेच्या ईशान्येकडील एखाद्या राज्यातले कॅथलिक घर आपण डोळ्यांसमोर आणू. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तिथे कामगार दिनाची सुट्टी असते. ती संपली की अभ्यासाचे वर्ष सुरू होते. स्वयंपाकघरातले टेबल हाच वर्ग. सकाळी प्रार्थना, मग गणित, वाचन, शुद्धलेखन. थोरला भाऊ धाकटीला अक्षरे गिरवायला मदत करतो. दुपारी आई सगळ्यांना बाहेर काढते. तो पानगळीचा ऋतू असतो. मेपलची पाने लाल झालेली, ओकची तपकिरी. मुले ती वहीत दाबून ठेवतात आणि शिकतात की पानातले हिरवे द्रव्य ओसरले की आधीपासून दडलेला पिवळा रंग दिसू लागतो, लाल रंग मात्र याच दिवसांत नव्याने तयार होतो. आकाशातून रानहंसांचे थवे दक्षिणेकडे जातात. मोनार्क नावाची फुलपाखरे मेक्सिकोच्या वाटेला लागलेली असतात. एक दिवस सफरचंदाच्या बागेची सहल, एक दिवस भोपळ्याच्या शेताची. घरी आणलेल्या भोपळ्याचे वजन करायचे, दोरीने घेर मोजायचा, बिया दहा-दहाच्या ढिगांत मांडायच्या. केक करताना पाऊण कप पिठाची दुप्पट किती, हे हिशेबाने काढायचे.

या अभ्यासात उपासनावर्षही येते. २९ सप्टेंबरला मिखाएल, गाब्रिएल आणि राफाएल या महादूतांचा सण. ४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण, तेव्हा पाळलेले मांजर, कुत्रे घेऊन मुले आशीर्वादासाठी चर्चमध्ये जातात. १ नोव्हेंबरला सकल संतांचा सण. त्याच्या आदल्या संध्याकाळी भुताखेतांच्या सोंगांऐवजी काही घरांत मुले संतांचा वेष करतात आणि इतरांनी तो संत ओळखायचा असतो. २ नोव्हेंबरला कबरस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आभारप्रदर्शनाचा राष्ट्रीय सण, आणि लगेच आगमनकाळाचे चक्र, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती.

चित्र मोहक आहे यात शंका नाही. एका आईने मुलांना शिकवलेले हे सारे आपल्यालाही हवेसे वाटेल. परंतु मोहक वाटते म्हणून एखादी गोष्ट योग्य ठरत नाही, तशीच ती नवलाची वाटते म्हणून अयोग्यही ठरत नाही. हक्काचा प्रश्न वेगळा तपासावा लागतो.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात गेला तो कॅथलिकांमुळेच. १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ठरवले होते की प्रत्येक चर्चपाशी दोन वर्षांच्या आत शाळा असावी. अशा शाळा जागोजागी उभ्या राहिल्या. पुढे १९२२ साली ऑरेगन राज्यात लोकांच्या मतदानाने एक कायदा झाला. ८ ते १६ वर्षांच्या मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे, असे तो सांगत होता. म्हणजे धर्मभगिनींच्या शाळांना टाळे. येशू आणि मारिया यांच्या पवित्र नावांच्या धर्मभगिनी न्यायालयात गेल्या आणि १ जून १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मूल ही सरकारची निर्मिती नाही, त्याला वाढवणाऱ्यांना त्याच्या शिक्षणाची दिशा ठरवण्याचा हक्क आणि कर्तव्यही आहे, असे त्या निकालाचे सार होते. १९२९ साली पोप अकरावे पायस यांनी शिक्षणाविषयीच्या आपल्या विश्वपत्रात या निकालाचा आवर्जून उल्लेख केला.

घरी शिकवण्याची चळवळ मात्र बरीच नंतरची. जॉन होल्ट या शिक्षकाने १९६४ साली मुले शाळेत का नापास होतात यावर पुस्तक लिहिले आणि १९७७ साली घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी एक पत्रिका काढली. होल्ट यांना शाळेची सक्ती नको होती. पुढे धर्मश्रद्ध कुटुंबे आपल्या कारणांसाठी त्या वाटेवर आली. आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत हे कायदेशीर आहे. मात्र नियम एकसारखे नाहीत. पेनसिल्व्हेनियात वर्षाला १८० दिवस, किंवा प्राथमिक वर्गांना ९०० तास शिकवावे लागते आणि केलेल्या अभ्यासाची वही तपासणाऱ्याला दाखवावी लागते. टेक्सासमध्ये सरकारला कळवावेही लागत नाही. १९९९ साली अमेरिकेत सुमारे साडेआठ लाख मुले घरी शिकत होती, २०१६ साली सुमारे सतरा लाख. २०२०च्या महामारीत तर शाळकरी मुले असलेल्या दर शंभर घरांपैकी सुमारे अकरा घरांनी आपण घरीच शिकवत असल्याचे सांगितले.

जर्मनीत याच्या उलट आहे. तिथे शाळेत जाणे सक्तीचे आहे. एका ख्रिस्ती दाम्पत्याने त्याविरुद्ध स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे दार ठोठावले. २००६ साली त्यांची तक्रार फेटाळली गेली. वेगवेगळ्या विचारांच्या मुलांनी एकत्र वाढणे हे समाजाच्या हिताचे आहे, आणि शाळा सुटल्यावर व शनिवार-रविवारी आपल्या श्रद्धेचे शिक्षण द्यायला आईबापांना कोणी अडवलेले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. आपल्या देशात २००९चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. घरच्या शाळेविषयी तो स्पष्ट काही बोलत नाही. घरी शिकणारी काही मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षा देतात.

एकाच प्रश्नाला दोन सुसंस्कृत देशांनी दोन उत्तरे दिली. तेव्हा कायद्याच्या मागे जाऊन विचार केला पाहिजे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक उतारा आम्ही अभ्यासला होता. त्यांच्यापुढे प्रश्न होता की यहुदी आईबापांच्या मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा द्यावा का? तेराव्या शतकातल्या एका ख्रिस्ती पंडिताकडून कोणते उत्तर अपेक्षित असेल? परंतु संत थॉमस ठामपणे 'नाही' म्हणतात. ते निसर्गाच्या न्यायाविरुद्ध ठरेल, असे त्यांचे कारण. मूल आधी आईच्या गर्भात असते. जन्मल्यावर, स्वतःची समज येईपर्यंत, ते आईबापांच्या काळजीत असते, आणि ही काळजी म्हणजे जणू आत्मिक गर्भाशयच. चांगल्या हेतूनेसुद्धा बाहेरच्याने त्यातून मूल ओढून काढू नये. राजाने नाही आणि चर्चनेही नाही.

आईबापांच्या हक्काचे याहून भक्कम समर्थन आम्हांला माहीत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात आईबापांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले, ते याच परंपरेला धरून. तेव्हा आजीच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की होय, आईबापांना हा हक्क आहे. शाळेने आणि सरकारने त्यांना मदत करायची असते, त्यांची जागा घ्यायची नसते.

पण संत थॉमस यांचा दृष्टान्त नीट पाहा. गर्भ हा कायमचा राहण्यासाठी नसतो. तो बंद असतो तो बाळ वाढावे म्हणून, आणि वाढ झाली की बाळाला बाहेर यावे लागते. न आले तर बाळ आणि आई दोघांच्याही जिवाला धोका. समज आली की मूल स्वतःचे होऊ लागते, हे संत थॉमस त्याच उताऱ्यात सांगतात. त्यांना हे अनुभवाने ठाऊक असणार. पाच-सहा वर्षांचे असताना घरच्यांनी त्यांना मोंते कॅसिनोच्या मठात ठेवले होते. मुलाने पुढे तिथला मठाधिपती व्हावे ही त्यांची इच्छा. १२४४च्या सुमारास तरुण थॉमस यांनी भिक्षेवर जगणाऱ्या डॉमिनिकन संघाची वाट धरली, तेव्हा भावांनी त्यांना रस्त्यातच पकडून आणले आणि सुमारे एक वर्ष घरच्याच गढीत अडकवून ठेवले. आईबापांच्या हक्काचा एवढा मोठा समर्थक स्वतः आपल्याच घरचा बंदी होता! म्हणूनच आईबापांचा हक्क खरा असला तरी तो मालकाचा हक्क नव्हे, हे त्यांच्याइतके कोण जाणणार?

या कसोटीवर घरची शाळा लावली की तीन शंका उभ्या राहतात. त्यांना उत्तर दिल्याशिवाय आपला विचार पुरा होणार नाही.

पहिली शंका सत्याविषयी. घरात एकच आवाज असतो. नोव्हेंबरमधल्या आभारप्रदर्शनाच्या सणाचेच पाहा. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी इंग्लंडहून आले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे मेले. १६२१च्या शरदात पीक हाती आले तेव्हा उरलेल्यांनी मेजवानी केली आणि वांपनोआग जमातीचे सुमारे नव्वद पुरुष तीन दिवस तीत सामील झाले. मुले कागदाच्या टोप्या घालून हा प्रसंग साजरा करतात. पण त्या इंग्रजांना मका लावायला शिकवले कोणी? टिस्क्वांटम नावाच्या माणसाने. १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकले होते. तो लंडनमार्गे १६१९ साली परतला तेव्हा साथीच्या रोगाने त्याचे सारे गाव ओस पडले होते. त्याच गावाच्या जागेवर इंग्रजांनी वस्ती केली. म्हणजे ज्याचे घरच उरले नव्हते त्याने या घरांना जगायला शिकवले. १९७० पासून दर वर्षी याच गुरुवारी तिथले मूळ रहिवासी प्लिमथ येथे जमून शोक पाळतात. आई मुलांना फक्त मेजवानीची गोष्ट सांगेल की ओस गावाचीही? शाळांनीही वर्षानुवर्षे अर्धीच गोष्ट सांगितली, हे मान्य. पण शाळेत निदान शेजारच्या बाकावरचे मूल 'माझी आजी वेगळे सांगते' असे म्हणू शकते. घरच्या टेबलावर ते मूल नसते, त्याला मुद्दाम बोलवावे लागते.

दुसरी शंका मुलाच्या मनाविषयी. १९७२ साली विस्कॉन्सिन राज्यातील आमिश पंथाच्या पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात जिंकला. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. आईबापांचे ऐकले, पण ज्यांचे आयुष्य आहे त्या मुलांना कोणी विचारले का, असा त्यांचा प्रश्न होता. उद्या मुलीला पियानो शिकायचा असेल, डॉक्टर व्हायचे असेल, तर? आमच्या मते हा प्रश्न घरी शिकवणाऱ्या पालकांइतकाच, मुलाला इंजिनिअरच करायचे असे त्याच्या पाचव्या वर्षी ठरवणाऱ्या पालकांनाही लागू आहे.

तिसरी शंका इतरांच्या मुलांविषयी, आणि ती आपल्याला सर्वांत जवळची आहे. जागरूक आईबापांनी आपले मूल शाळेतून काढले की मागे कोण राहते? ज्यांचे आईबाप दिवसभर मजुरीला जातात, ज्यांच्या घरी कोणी वाचणारे नाही, ती मुले. वसईत आम्ही शाळेत होतो तेव्हा शिक्षकाचा मुलगा, बागायतदाराचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एकाच बाकावर बसत. पालकसभेत शिक्षकाची बायको उठून प्रश्न विचारी आणि त्याचा फायदा मजुराच्या मुलालाही होई. आज मराठी माध्यमाच्या अनेक शाळांचे पट घसरले आहेत. ज्यांना शक्य होते ते गेले. त्यांनी आपल्या मुलाचे हित पाहिले, त्यात पाप नाही. पण सर्वांनी फक्त आपापल्या मुलाचे हित पाहिले तर ज्याच्यासाठी पाहणारे कोणी नाही त्याचे काय? प्रभूने शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा दिली आहे, आणि शेजाऱ्याला मुले असतात.

या तिन्ही शंकांमुळे घरची शाळा वाईट ठरते असे आम्ही म्हणत नाही. घरी शिकवणारी अनेक कुटुंबे एकत्र येऊन सहली काढतात, एकमेकांची मुले शिकवतात, वृद्धाश्रमात गाणी म्हणायला नेतात. त्यांनी घराचे दार उघडे ठेवले आहे. उलट शाळेत जाणारे मूलही बंद घरात वाढू शकते. मोजमाप शाळा की घर हे नाही. मुलाची जबाबदारी कोणी आपल्याकडे ठेवली आहे, आणि मूल एक दिवस मोकळे व्हावे म्हणून ती कोण वाहतो आहे, हे पाहिले पाहिजे.

आणि इथे आपल्याकडे पाहणे भाग आहे. त्या अमेरिकन आईविषयी आपण नवल करतो. पण तिने निदान एक गोष्ट ओळखली आहे. शिकवण्याचे काम दुसऱ्याकडे देता येते, जबाबदारी देता येत नाही. आपण काय करतो? गणित क्लासवाल्याकडे, श्रद्धा धर्मशिक्षणाच्या शिक्षकांकडे, शिस्त शाळेकडे आणि करमणूक मोबाइलकडे. फी भरली की आपले काम झाले. दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा पुढच्या वर्षाचे क्लास. भातकापणी झालेल्या शेतात मुलाला बापाबरोबर फेरी मारायलाही वेळ नाही. राजेळी केळीची सुकेळी कशी करतात हे विचारले तर कितीजण सांगू शकतील? ते ज्ञान आजीपाशी आहे, आणि आजी नुसती बसून आहे.

नाझरेथच्या घराकडे पाहू या. येशू सुतारकाम योसेफाकडे शिकला आणि प्रार्थना घरातच. पण बारा वर्षांचा असताना तो यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारीत होता. मारिया आणि योसेफ तीन दिवस कासावीस होऊन त्याला शोधत होते. त्याचे उत्तर त्यांना तेव्हा समजले नाही, असे संत लूक प्रांजळपणे लिहितो. तरीही त्यांनी त्याला नाकारले नाही, आणि तोही त्यांच्याबरोबर घरी परतून त्यांच्या आज्ञेत राहिला. मारियेने ते सारे अंतःकरणात जपून ठेवले. मूल माझ्या हाती दिलेले आहे, पण ते माझे नाही, हे त्या माउलीला तिथे कळले असेल. देवानेच सोपवलेले मूल तिलाही शेवटी देवाकडे सोडावे लागले.

तेव्हा सुट्टीचे जे दिवस हाती आहेत त्यांत प्रत्येक घराने तीन गोष्टी कराव्यात अशी आमची विनंती आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ मोबाइल बाजूला ठेवून आईने किंवा बापाने मुलाला स्वतःला येणारी एखादी गोष्ट शिकवावी. रांधणे असो, वेल बांधणे असो, की बँकेची पावती भरणे. एक संध्याकाळ मुलाला विचारावे की तुला काय शिकावेसे वाटते, आणि मधे न बोलता ऐकावे. आणि ज्यांच्या घरी शिकवू शकणारे कोणी आहे त्यांनी आपल्या ओटीवर तासभर आणखी एक पाट मांडावा, शेजारच्या त्या मुलासाठी, ज्याच्या घरी संध्याकाळी कोणी नसते.

आगमनकाळ जवळ येत आहे. बेथलेहेममध्ये मारिया आणि योसेफ यांना उतारशाळेत जागा मिळाली नव्हती. आपल्या ओटीवर एका मुलाला जागा मिळाली तर नाताळची तयारी खऱ्या अर्थाने सुरू झाली असे आम्ही समजू.

प्रभूचा आशीर्वाद आपल्या घरांवर आणि मुलांवर असो.

आपले धर्मगुरू